कुसळी गवत आणि धुवारी (धुकं) : चिखलदऱ्यात शरदाचे फोटो काढताना आलेला माझा अनुभव

मेळघाटात शरदाचा रंग झाडांवर शोधायचा नाही, हे मला उशिराच उमगलं. साग आपली पानं हिवाळा सरता सरता टाकतो. ऑक्टोबरात तो तांबूस दिसलाच, तर बहुतेक वेळा अळीनं पान खाऊन शिरांची जाळी तेवढी ठेवलेली असते. खरा रंग गवताचा. पाऊस उघडला की कुसळी गवत सोनेरी व्हायला लागतं, आणि उतारावरच्या शेतांत जगनी (कारळं) पिवळी धमक फुललेली असते.

हे गवत सूर्य पाठीशी घेऊन टिपलं तर नुसता वाळका चारा दिसतो. सूर्य गवताच्या पलीकडे, आपल्या समोर हवा. मग कुसळाच्या कडाकडांतून उजेड झिरपतो. सूर्य चौकटीबाहेर ठेवून भिंगावर टोपीची सावली धरतो. भिंगापुढचं हूड (सावलीची कडी) या कोनात पुरत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला इथे सूर्य साधारण ६.१५ ला उगवतो आणि ५.५५ च्या सुमारास मावळतो. महिन्याभरात उगवती पाव तासानं लांबते आणि उगवण्याची जागा दहाएक अंश दक्षिणेला सरकते. त्यामुळे दोन डोंगरांच्या खाचेत सापडलेला सूर्य नोव्हेंबरात तिथे नसतो. कामाचा उजेड जेमतेम चाळीस मिनिटं टिकतो, म्हणून पहाटे साडेपाचला जागेवर ट्रायपॉड लागलेला हवा. पायथ्याच्या परतवाड्याहून अंधारात घाट चढत येण्यापेक्षा मुक्काम वरच केलेला बरा.

क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर आणि १८ मिमीचं भिंग असेल तर भिंगाचं छिद्र एफ ८ वर ठेवून दोन मीटरवर फोकस करतो. मीटरभर अंतरावरच्या गवतापासून डोंगरांच्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळं नीट येतं. छिद्र आणखी बारीक करून एफ १६ वर नेलं की बारकावे उलट मऊ पडतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० चा हट्ट मात्र इथे नडतो. पहाटे शटर १/८ सेकंदावर येतं, कड्यावर वारा असतोच, आणि डोंगर ठणठणीत पण गवत पुसलेलं असा फोटो हाती लागतो. म्हणून दोन फोटो घेतो : गवतासाठी आयएसओ १६००, शटर निदान १/१२५, आकाशासाठी आयएसओ १००. घरी दोन्ही संगणकावर जोडतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढत नाही, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा गवताचा सोनेरीपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो. ५२०० केल्विनवर पक्का करा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या.

धुवारी शेतकऱ्याला नको असते, फोटोवाल्याला हवी असते. परतीचा पाऊस पडून गेल्यावरची, वारा नसलेली पहाट धरावी. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या दरीला करडं करतो, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवतो. डोंगरांच्या थरांसाठी रुंद भिंग कुचकामी, ७०-२०० मिमीचं लांब पल्ल्याचं भिंग काढा. दुपारी हवा धुरकट झाली की पोलरायझर (चकाकी आणि धुरकटपणा कमी करणारं फिल्टर) सूर्याच्या काटकोनातच काम देतो. समोरच्या सूर्याला तो निरुपयोगी, आणि रुंद भिंगावर आकाशात गडद पट्टा पाडतो.

कोजागिरीला आकाश स्वच्छ असेल तर एफ ४, आयएसओ ८००, दहा ते पंधरा सेकंद. दरी दिवसासारखी येते. थोडी कमीच उजळ ठेवा, नाहीतर चांदणं वाटत नाही.

ड्रोन घेऊन येऊ नका. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभं राहायचं तर आधी मालकाला विचारा. जगनी तुडवलेली कोणालाच खपत नाही.

परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून झटका. सांध्यात शिरलेलं कुसळ पुढच्या वेळी पाय अडकवतं. बॅगेच्या वेल्क्रोत रुतलेलं मात्र चिमट्याशिवाय निघत नाही.