लांबची नोकरी घ्यावी का, मी कसं ठरवलं

तीन वर्षं मी घरापासून १५ मिनिटांवर असलेल्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला नर्स होते, आठ तासांची ड्युटी, आठवड्यातून सहा दिवस. मग आयसीयूची ऑफर आली, ४२ किलोमीटर लांब. आयसीयू मला शिकत असल्यापासून करायचं होतं त्यामुळे मी जवळजवळ लगेच हो म्हणणार होते, मॅपवर ५५ मिनिटं दाखवत होतं, म्हटलं एवढं तर कोणीही करतं.

पण मॅप मी बघितला होता दुपारी दोन वाजता, आणि दुपारी दोनला मी कधी जाणारच नव्हते. आईने विचारलं की अगं तू निघणार किती वाजता, तेव्हा हे डोक्यात आलं. मग सुट्टीच्या दिवशी मी खरंच जाऊन बघितलं, एकदा सकाळी ड्युटीच्या वेळेला आणि एकदा रात्री आठला तिथून घरी. सकाळी गेटपर्यंत ६३ मिनिटं, मग पार्किंग, लिफ्टची वाट बघणं, कपडे बदलणं, वॉर्डमध्ये उभी राहीपर्यंत अजून १२ मिनिटं. म्हणजे ५५ चे ७५ झाले. कोणी लांबची नोकरी बघत असेल तर हे आधी करा, किलोमीटर विचारू नका, घराच्या दारापासून वॉर्डच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते बघा, आणि तेही ड्युटीच्याच वेळेला.

मग कागदावर दिवस मांडला. ड्युटी साडेसात ते साडेसात. घरून ६:०५ ला निघायचं, ७:२० ला वॉर्ड. संध्याकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवून, सुटायला आठ वाजून जातातच, कारण आयसीयूत ओव्हर म्हणजे बेडपाशी उभं राहून एकेक लाइन (शिरेतली नळी), एकेक इन्फ्युजन (त्यातून सतत चाललेलं औषध), व्हेंटिलेटरचं सेटिंग, औषधांची मोजणी, हे घाईत उरकायचं काम नाही आणि पुढची सिस्टर उशिरा आली तर आपण पेशंट सोडून जाऊ शकत नाही. घरी ९:२०. म्हणजे सव्वापंधरा तास बाहेर. राहिले पावणेनऊ, त्यात सात तास झोप धरली तर अंघोळ, जेवण, घरच्यांशी बोलणं सगळं पावणेदोन तासांत.

इतकं असून मी हो म्हटलं. कारण दुसरा हिशोब फेऱ्यांचा होता. बारा तासांच्या ड्युट्या आठवड्यात तीन, म्हणजे प्रवास साडेसात तास. हीच नोकरी सहा दिवसांची असती तर १५ तास, आणि मग मी नक्की नाही म्हटलं असतं. आपण सगळ्याजणी अंतरावर अडकतो पण खरा प्रश्न आठवड्यात किती वेळा जायचंय हा असतो. म्हणून मी इन्चार्ज मॅडमना थेट विचारलं की आठवड्यात नक्की किती ड्युट्या, ऑफच्या दिवशी ट्रेनिंगला बोलावता का (एका तासाच्या क्लाससाठी अडीच तास प्रवास मला जमणार नव्हता), आणि ऑन कॉल (घरी असताना बोलावलं की लगेच यायचं) आहे का. ऑन कॉलचं विचारणं फार महत्त्वाचं, कारण ओटी (ऑपरेशन थिएटर) किंवा कॅथलॅबला (हृदयाची अँजिओग्राफी करतात तिथे) बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासात पोचा असं असतं, तिथे लांब राहणारीला जमणारच नाही. त्यांनी सरळ उत्तरं दिली, ट्रेनिंग ड्युटीच्या दिवशीच ठेवू म्हणाल्या, तेही मी लेखी घेतलं.

पहिले दोन महिने छान गेले. सकाळचा प्रवास तर मला आवडायला लागला, तेवढाच वेळ माझा एकटीचा.

मग नाईट लागल्या. सलग तीन. तिसऱ्या रात्री पहाटे चार वाजता एक पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे त्याचं हृदय बंद पडलं, आम्ही पाऊण तास लढलो, तो वाचला नाही. नातेवाइकांशी बोलणं, सगळी कागदपत्रं, मग ओव्हर, मी सव्वाआठला निघाले. आणि रस्त्यात कधीतरी चाकाखाली रस्त्याच्या कडेचा खडखड आवाज आला आणि मी दचकले, त्याआधीचे काही किलोमीटर मला आठवतच नव्हते. गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून रडले, त्या पेशंटसाठी की स्वतःसाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

नंतर मी वाचायला लागले. १९९७ साली नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं होतं, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखं. मी आदल्या दुपारी दोनला उठले होते. म्हणजे १८ तास. दारू पिऊन मी कधीच गाडी चालवली नसती, पण हे करत होते आणि सगळ्याजणी करतात. इंटर्न डॉक्टरांवरचा २००५ चा एक अभ्यासही आहे, २४ तास किंवा जास्त लांब ड्युटीनंतर घरी जाताना अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त निघाली होती.

काचा खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, हे सगळं करून झालं, झोप त्याने जात नाही. कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो आणि निम्मी कॉफी अंगातून जायला पाचेक तास, त्यामुळे घरी पोचून झोपच लागेना. उपयोग झाला तो निघण्याआधी २०-२५ मिनिटं झोपण्याचा. त्यासाठी जागा मिळवायला मला दोन महिने लागले, रेस्टरूम होती पण सकाळी तिला कुलूप असायचं. नर्स कमी आहेत असं सगळीकडे ऐकू येतं, आणि लांबून येणारीला आडवं व्हायला एक बेड देता येत नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसरं म्हणजे माझ्याच रस्त्याने येणाऱ्या दोघी सापडल्या. मॅडमना विनंती करून तिघींच्या नाईट एकत्र लावून घेतल्या. सकाळी निघताना ज्या दोघी जास्त दमलेल्या असतील त्यांनी मागे झोपायचं, आणि तिघीही दमलेल्या असू तर कोणीच चालवायचं नाही, बसने जायचं. हे ठरल्यावर ७५ मिनिटांचं ओझं निम्मं झालं. आमच्याकडे एक सीनियर ताई नऊ वर्षं दीड तास ट्रेनने येतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही कारण त्या ट्रेनमध्ये झोपतात, तर दुसरी एक, घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, तिला २० मिनिटांच्या पुढे जमत नाही. दोघींचंही बरोबर आहे. स्वतः चालवायचं असेल आणि नाईट असतील तर माझी मर्यादा आता ४० मिनिटं आहे, दुसरं कोणी चालवत असेल तर दीड तासही चालेल.

मागच्या महिन्यात अर्ध्या अंतरावरून एक ऑफर आली. दारापासून दारापर्यंत ४० मिनिटं, पण सहा दिवस, म्हणजे आठवड्याला आठ तास प्रवास, आणि चार्टमध्ये इव्हिनिंगनंतर लगेच सकाळची ड्युटी, म्हणजे रात्री साडेदहाला घरी आणि पहाटे पाचला परत उठायचं. मी नकार कळवला. आमच्या गाडीत सध्या एक जागा रिकामी आहे, नवीन आलेली एक मुलगी त्याच रस्त्याला राहते, तिला उद्या विचारणार आहे.