हिरवं दिसलं म्हणजे झालं?

"मॅडम, सगळ्या पेशी हिरव्या! जमलं!" मायक्रोस्कोपवरची नजर न काढताच माझी विद्यार्थिनी ओरडली.

आनंद खराच होता. लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूने मानवी प्रथिनाचा जनुक पेशींत पोचवला होता. सोबत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन होतं, म्हणून त्या चमकत होत्या.

मग मी पाहिलं. सगळ्यात झगझगीत, म्हणजे बहुधा सगळ्यात जास्त प्रथिन बनवणाऱ्या पेशी मरणाऱ्या पेशींसारख्या गोल होऊन तळापासून सुटायला लागल्या होत्या. मंद हिरव्या मात्र छान पसरलेल्या.

तेच दिवसभर डोक्यात घोळतंय. लेंटिव्हायरस जनुक थेट पेशीच्या डीएनएत बसवतो. त्याच्यापुढे सीएमव्हीसारखा दणकट प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) असला, की पेशी एरवी कधीच बनवणार नाही इतकं प्रथिन तयार होऊ शकतं. मग त्याच्या गुठळ्या होतात, नको तिथेही ते सापडतं. अशा वेळी तुलनेसाठी नुसता रिकाम्या व्हेक्टरचा, म्हणजे तो जनुक नसलेल्या विषाणूचा, कंट्रोल पुरत नाही. त्याच प्रथिनाचं निष्क्रिय केलेलं रूप, तितक्याच प्रमाणात, शेजारी हवं. आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत) पेशीतल्या मूळ पातळीशी तुलनाही. किचकट काम आहे, पण मला तरी खरा प्रयोग तोच वाटतो.

"हे प्रथिन पेशी मारतं" असं आपण लिहितो, तेव्हा मारतं कोण? ते प्रथिन, की त्याचा अतिरेक? तुम्ही तुमच्या लॅबमध्ये हे कसं तपासता?