सस्पेन्स खाते

बँकेत ३१ वर्षे काढलेल्या माणसाला ‘ट्रान्सफर’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो आणि तो फारसा सुखाचा नसतो. कारवार, विजयपूर, निपाणी आणि शेवटी पुन्हा बेळगाव अशा बदल्या भोगून झाल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, समोर बसलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी ‘ट्रान्सफरन्स’ हा शब्द उच्चारला तेव्हा मला हसू आले. कारण सांगितल्यावर त्याही हसल्या, पण विषय त्यांनी सोडला नाही. त्याच्या पाच मिनिटे आधी मी त्यांना ‘अक्का’ म्हणून गेलो होतो.

अक्का म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, आणि बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी वेळ संपल्याचे सांगितले होते, मी ऐन बोलण्यात होतो, आणि ‘अक्का, तुझं नेहमी असंच’ हे वाक्य एकेरीसकट तोंडातून निसटले. आई दिवसभर शिवणयंत्रावर असे, त्यामुळे मला खरे वाढवले ते अक्कानेच. माझे सांगणे पुरे व्हायच्या आत ‘बास आता, झोप’ म्हणून दिवा मालवणारीही तीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा तो राग त्या दुपारी टिळकवाडीतील एका खोलीत, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा बाईंच्या नावावर जमा झाला. ट्रान्सफरन्स म्हणजे एवढेच. तो केवळ प्रेमात पडण्याचा प्रकार आहे असा माझा समज होता. राग, धाक, रुसवा, शाबासकीची भूक, सगळे त्यात येते, आणि वयाचा हिशेब त्याला मुळीच कळत नाही.

याआधी मी दुसऱ्या एका समुपदेशकांकडे पाच महिने जात होतो. आई गेल्यानंतर झोप उडाली होती. त्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला ‘दादा’ म्हटले, चहा मागवला, आपल्याही घरच्या दोन गोष्टी सांगितल्या, आणि मी पार विरघळलो. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारले की घरासाठी कर्ज काढायचे आहे, कागदपत्रे जरा बघाल का. मी ती आनंदाने पाहिली, शाखेतील मित्राला फोन केला, सुटीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून दिला. त्या आनंदाचीच मला आज अधिक भीती वाटते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट आपण उपयोगी पडलो या अभिमानात मी आठवडाभर तरंगत होतो. मात्र त्यानंतर माझी झोप हा विषय हळूहळू मागे पडला. त्यांच्यावर चिडण्याची वेळ आली तेव्हा मला चिडता येईना, कारण ज्यांच्या कर्जाची फाईल आपण हलवली आहे त्यांच्यापुढे रडायचे कसे आणि भांडायचे कसे? ते नोंदणीकृत आहेत का, हेही मी विचारले नव्हते. १९९२च्या कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. साध्या बचत खात्यासाठी लोकांकडून दोन-दोन पुरावे मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाच्या बाबतीत एकही पुरावा मागितला नाही.

उपचारकावर जमा होणाऱ्या भावना मुळात दुसऱ्याच कुणाच्या असतात, ही गोष्ट उपचारशास्त्राला फार आधी कळली होती, तीही ठेच लागूनच. व्हिएन्नात १९०० साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली आणि सुमारे तीन महिन्यांतच, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, उपचार अर्धवट टाकून निघून गेली. १९०५ मध्ये ‘डोरा’ या टोपणनावाने ती हकीकत छापताना त्याने कबूल केले की ती आपल्याविषयीच्या भावनांत दुसऱ्याच कुणाचा हिशेब चुकता करत होती, हे आपल्या वेळेत लक्षात आले नाही. पुढे १९१५च्या निबंधात त्याने उपचारकाला बजावले की रुग्णाच्या प्रेमाला प्रतिसाद द्यायचा नाही, आणि ते दडपून किंवा झिडकारूनही टाकायचे नाही. ते जागे ठेवून त्याचे मूळ शोधायचे. शिवाय ते आपल्या देखणेपणामुळे किंवा हुशारीमुळे निर्माण झाले, असा गैरसमज करून घ्यायचा नाही. मला या शेवटच्या मुद्द्यात फार व्यवहारज्ञान दिसते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एखादी रक्कम येते पण ती कोणाची हे कळत नाही तेव्हा आम्ही ती सस्पेन्स खात्यात ठेवतो. ती परत पाठवून मोकळे होता येत नाही, आणि खर्च तर मुळीच करता येत नाही. धनी सापडेपर्यंत तिची नोंद रोज डोळ्यांसमोर राहते. चुकून आपल्या खात्यात जमा झालेले पैसे खर्च करणारा ‘त्यानेच तर पाठवले’ असे म्हणू शकत नाही. माझ्या पहिल्या समुपदेशकांनी नेमके हेच केले होते. मी संमती दिली होती हे खरे, पण ती दिली कोणी? बहुधा अक्काच्या शाबासकीसाठी धडपडणाऱ्या पोराने ती दिली होती.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता उपचार संपल्यानंतरही किमान दोन वर्षे शरीरसंबंधांना पूर्ण मज्जाव करते, आणि त्यानंतरही त्यात शोषण नाही हे दाखवण्याचा भार उपचारकावरच टाकते. मात्र हीच संहिता असेही मानते की ज्या दुहेरी नात्यातून, म्हणजे उपचाराबरोबर असलेल्या दुसऱ्या नात्यातून, इजा किंवा शोषण संभवत नाही, ते मुळात अनैतिक नव्हे. ही सवलत नसती तर बेळगावात एकही उपचारक काम करू शकला नसता. येथे आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न गावाचा आणि त्यापुढचा मामाचा असतो. त्यात मराठीत बोलायचे म्हटले की निवड आणखी आक्रसते. मी आयुष्यभर बँकेत कन्नड बोललो, चांगले बोललो, पण आईविषयी कन्नडमध्ये रडणे मला जमले नसते.

म्हणूनच टिळकवाडीच्या बाईंनी पहिल्या भेटीतच सांगून ठेवले होते की बाहेर दिसलो तर त्या स्वतःहून ओळख दाखवणार नाहीत. मी दाखवली तर दाखवतील. गोपनीयता हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, हेही त्यांनी सांगितले होते. मी मान डोलावली होती. पण शहापुरातील एका लग्नात त्या माझ्याकडे न पाहता पुढे गेल्या, तेव्हा माझ्या घशाखाली जिलेबी उतरली नाही. पुढच्या सबंध तासात त्यांनी कायद्याचा आधार घेतला नाही. फक्त त्या क्षणी काय वाटले हेच विचारत राहिल्या.

दिवाळीत मी त्यांच्यासाठी एक किलो कुंदा नेला. त्यांनी तो घेतला नाही, आणि मी तो तसाच परत आणला. कुंद्याला नाही म्हणणे हे आमच्या गावात जवळजवळ वैरच आहे, आणि माझ्या मते तेथे त्या जरा अधिकच कडक वागल्या; एक चमचा खाल्ला असता तर काही बिघडले नसते. हे मी त्यांना तोंडावर सांगितले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली उपचारासाठी गुरु-शिष्य नात्याचा नमुना विचारात घेता येईल असे मांडले होते, हे मला बाईंकडूनच कळले होते, तेव्हा मी त्याचाही दाखला दिला. त्यांनी शांतपणे विचारले, ‘आणि गुरुदक्षिणा?’ मला ती कर्जाची फाईल आठवली.

उपचार संपून आता सव्वा वर्ष झाले. गेल्या महिन्यात गणपत गल्लीत भाजी घेताना त्या दिसल्या. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा होता. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. मुलाने विचारले, ‘आई, हे कोण?’ त्या म्हणाल्या, ‘ओळखीचे आहेत.’ उत्तर अगदी बरोबर होते. घरी आल्यावर बायकोने विचारले की ढबू मिरची कुठे आहे; ती मी पैसे देऊन दुकानातच विसरलो होतो.