कापलेल्या खांबावरचं पिवळं

आमच्या चोपडा तालुक्यात केळीचा घड कापला की खांब तिथेच आडवा करतात आणि तुकडे करून ओळीत पसरवतात. जुलै-ऑगस्टात त्या कुजत्या तुकड्यांवर एका रात्रीत काहीतरी पिवळंधमक येतं. फेटलेल्या बेसनासारखं फसफसलेलं, पंजाएवढं, कधी ताटाएवढं. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बांधावरून मला हाक मारली, "हाई काय शे वं? कुत्रं वकी गयं का?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीतही त्याला कुत्र्याची ओकारीच म्हणतात. शास्त्रीय नाव फुलिगो सेप्टिका, आणि हा स्लाईम मोल्ड आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला जीव.

हे मला कळायला दोन पावसाळे गेले. त्याआधी एका कृषी सेवा केंद्रात मोबाईलवर फोटो दाखवला होता. "बुरशी आहे, बागेत पसरेल," असं सांगून त्यांनी बुरशीनाशक दिलं. मी फवारलं. दुसऱ्या दिवशी ते पिवळं करपल्या भाकरीसारखं झालं, आणि औषध लागू पडलं म्हणून मी खूश झाले. खरं तर ते पिकलं होतं, न फवारताही तसंच झालं असतं. वरचा पापुद्रा फुटला की आतून काळपट भुकटी उडते, ते त्याचे बीजाणू. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ही भुकटी नाकाशी नेऊ नये. बाकी केळीला त्याचा काही धोका नाही. त्याचं खाणं म्हणजे कुजक्यातले बॅक्टेरिया, यीस्ट, बुरशीचे बीजाणू. जिवंत मुळाला ते तोंड लावत नाही. त्या औषधाचे पैसे मला अजून आठवतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

बुरशी धाग्यांनी वाढते. स्लाईम मोल्ड चालतो. पिकण्याआधीच्या अवस्थेला प्लाझमोडियम म्हणतात, आणि ते म्हणजे एकच पेशी, पण आत असंख्य केंद्रकं. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला शेतात जावंच लागतं. तशाच एका रात्री कुजक्या लिंबाच्या ओंडक्याची साल उचलली, तर खाली पिवळा पंखा पसरलेला. पुढे कडेला जाड, मागे शिरांचं जाळं. बॅटरी तिरपी धरून दहापटीचं भिंग लावलं. शिरेतले कण एका दिशेने धावत होते. मग सावकाश झाले, थांबले, आणि उलटे वाहू लागले. मिनिटभराने पुन्हा पुढे. पाटाला पाणी सोडून कोणी दर मिनिटाला उतार फिरवावा, तसं. मोटर केव्हाच सुरू झाली होती, मी मात्र तिथेच बसून राहिले. याच्याच गोतातल्या फायसॅरमने 2000 साली जपानी शास्त्रज्ञांच्या चक्रव्यूहात खाण्याच्या दोन ठिकाणांमधली जवळची वाट शोधली होती. त्या शिरा पाहिल्यावर मला त्याचं नवल वाटलं नाही.

एकदा नजर बसली की बाकीचेही दिसू लागतात. ओल्या लाकडावर तपकिरी केसांचे झुपके, बोटाच्या पेराएवढे, प्रत्येक केसाला काळी चकचकीत दांडी, तो स्टेमोनायटिस. आदल्या संध्याकाळी तिथे नुसता पांढरा लगदा असू शकतो. गुलाबी-नारिंगी मणी, टोचले की टूथपेस्टसारखा गुलाबी रस, तो लायकोगाला. हे मणी पुढे राखाडी होतात आणि भूछत्रासारखे वाटून फसवतात. धो-धो पावसानंतर लाकडावर बारीक पांढऱ्या काचेच्या खांबांसारखं दिसलं तर सेराशिओमिक्सा.

हरळीवर राख सांडल्यासारखे राखाडी दाणे दिसले की लोक भुरी म्हणतात. तो बहुतेक वेळा फायसॅरम सिनेरियम असतो. पान दोन बोटांत धरून पुसा. खाली पातं स्वच्छ हिरवं निघालं, तर काळजी करू नका. पाण्याची एक चूळ मारली तरी जातं.

नमुना ठेवायचा तर वाळवून काडेपेटीत, तळाला फेव्हिकॉलने चिकटवून. जगभरचे अभ्यासक काडेपेट्याच वापरतात. माझ्याकडे एकवीस झाल्या आहेत. पावसाळा संपला तरी अडत नाही. गेल्या चैत्रात बाहेर ऊन मी म्हणत असताना बाभळीची साल झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवली. दहाव्या दिवशी भिंगाखाली टाचणीसारखे ठिपके उभे होते.

परवा त्या लिंबाच्या ओंडक्यावर पुन्हा पंखा दिसला. त्याच्या कडेशी मी पऱ्हाटीची काडी खोचून ठेवली, रात्रीत किती सरकतो ते मोजायला. सकाळी सासूबाई माझ्या आधी पोचल्या. काडी जागच्या जागी, पंखा नाही. सालीवर फक्त वाळलेला चकाकता माग, वळत वळत पलीकडच्या भेगेत शिरलेला.

"वं, ते पयी गयं!" त्या ओरडल्या, आणि पदर खोचून भेगेत डोकवायला वाकल्या.