आमची वाटचाल : छापील सूची ई-बुकात आणताना

पुण्यात अक्षरजुळणीपासून आम्ही सुरुवात केली. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळवायचा, पेजमेकरमध्ये पानं लावायची, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून छापखान्यात पोचवायचं. डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी आलं आणि प्रकाशक जुन्या पुस्तकांची ई-बुकं करून मागू लागले. जुन्या फॉन्टमधून युनिकोड या, प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत येताना पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, पण मुद्रितशोधनात ते सापडतं. खरा कस लावला तो सूचीने.

चरित्रं आणि इतिहासाच्या पुस्तकांना शेवटी नामसूची असते, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पानांवर आलं आहे त्याची यादी. ई-बुकात अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, म्हणून प्रकाशक म्हणायचे, "सूची काढून टाका, सर्च आहेच की." हे आम्हाला कधीच पटलं नाही. 'पुणे' शोधलं की 'पुण्यात', 'पुण्याहून' निसटतं. 'फुले' शोधलं तर बागेतली फुलेही येतात, आणि लेखकाने 'फुल्यांनी' किंवा नुसतं 'जोतीरावांनी' लिहिलेली जागा सुटते ती सुटतेच. सूचीकाराने अख्खं पुस्तक वाचून, माणूस ओळखून नोंद केलेली असते. ते श्रम टाकून कसे द्यायचे?

ई-पब ३ या ई-बुकाच्या फाइल-प्रकारात छापील पान जिथे सुरू होतं तिथे खूण घालायची सोय आहे. सूचीतला आकडा त्या खुणेला जोडला की काम झालं, असं बरेच जण मानतात. पण मोबाइलवर एका छापील पानाचे तीन-चार स्क्रीन होतात. वाचक पानाच्या डोक्याशी उतरतो आणि पुढे नाव धुंडाळत बसतो. म्हणून आमच्याकडे एक जण छापील प्रत उघडून बसतो, प्रत्येक नोंदीचा परिच्छेद शोधतो आणि दुवा थेट तिथे देतो. '१२१–१२४' अशी नोंद असेल तर विषयाला जिथे तोंड फुटतं तो परिच्छेद धरायचा. 'लोकमान्य : पाहा टिळक, बाळ गंगाधर' ही नोंद सूचीतल्या सूचीतच जोडायची. दिसणारा आकडा मात्र छापील पानाचाच ठेवतो. वर्गात एकाच्या हातात पुस्तक असतं, दुसऱ्याच्या हातात फोन. संदर्भ दोघांना एकच सांगता आला पाहिजे.

नव्या आवृत्तीत नोंदी वाढल्या की क्रम पुन्हा लावावा लागतो. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'ला लागूनच आहे, त्यामुळे 'काळे' आधी आणि 'कासार' नंतर येतात. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतरचा. युनिकोडमध्ये 'ॲ' तर 'ह'च्याही मागे, म्हणून 'ॲटली, क्लेमंट' थेट सूचीच्या तळाशी जातात. मराठी वर्णक्रमाचा नियम प्रोग्रॅममध्ये घातला तरी शेवटची नजर माणसाचीच फिरवतो.

या कामाचा दर आम्ही पानांवर धरत नाही, नोंदींवर धरतो. प्रकाशकांना विनंती एवढीच, की फाइल पाठवताना सूचीसकट पाठवा, आणि छापील प्रतही सोबत द्या. नुसत्या फाइलीवरून परिच्छेद नेमका सापडत नाही.