ओझ्याचा प्रश्न

मनोरुग्ण परिचर्या शिकवायला लागून अकरा वर्षं झाली, आणि चाळिशीत मला पीएचडीचं खूळ लागलं. विषय स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या बायकांचा.

सांभाळणाऱ्यांवरचं ओझं मोजायला झारिट या संशोधकाची 22 प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते, पण ती मुळात विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी बेतलेली. आमच्याकडचे घोर निराळे. धाकटीचं लग्न जमेल का, गोळ्या चहात मिसळून द्याव्यात का, देवऋषाकडे नेलं नाही म्हणून सासू बोलते. म्हणून स्वतःच प्रश्नावली केली. आधी इंग्रजीत (गाईड मॅडमचा हट्ट), मग मराठीत, मग मूळ न पाहिलेल्या एका शिक्षिकेकडून परत इंग्रजीत. सात तज्ज्ञांनी प्रत्येक प्रश्न विषयाला धरून आहे का ते तपासलं. त्यांच्या सहमतीचा आकडा (पूर्ण सहमती म्हणजे 1) 0.78 च्या खाली गेलेले प्रश्न काढून टाकले. एथिक्स कमिटीने संमतीपत्र दोनदा परत पाठवलं, तेव्हा फार चिडले होते. दुसऱ्यांदा त्यांचंच बरोबर होतं, माझं संमतीपत्र वकिलाच्या नोटिशीसारखं झालं होतं.

मग पायलट, म्हणजे थोड्या जणींवर आधी करून पाहायची चाचणी. येरवड्याच्या मनोरुग्णालयात ओपीडीबाहेरच्या बाकावर बारामतीहून एसटीने आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. शेजारी तिशीचा मुलगा, मांडीवर पिशवी, तिच्यात केसपेपर आणि गोळ्यांची पाकिटं. शेवटचा प्रश्न मी वाचला, "मुलाचं ओझं वाटतं का?" पर्याय पाच, कधीच नाहीपासून नेहमीपर्यंत.

मावशींनी पिशवी उचलून दाखवली. "ओझं हे असतं, ताई. पोटच्या पोराला कुणी ओझं म्हणतं व्हय?"

कधीच नाही. शून्य गुण.

आणि दहाच मिनिटांपूर्वी त्या सांगत होत्या, रात्री पोरगा उठून रस्त्याला लागतो, म्हणून पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून निजते. तो कूस वळला तरी जाग येते. तीन वर्षं झाली.

घरी आल्यावर सगळी प्रश्नावली पुन्हा काढली. सातही तज्ज्ञांना तो प्रश्न पटला होता. मलाही पटला होता, हे जास्त लागलं. 'ओझं' काढून टाकलं. त्या जागी विचारलं, गेल्या आठवड्यात किती रात्री सलग झोप लागली? प्रश्न बदलले म्हणजे पुन्हा तज्ज्ञ, पुन्हा कमिटी, पुन्हा पायलट. चार महिने गेले. अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.83 आला तेव्हा गाईड मॅडमनी चहा पाजला, एवढंच.

बी.एस्सी.च्या मुली क्लिनिकलला जातात, तेव्हा रुग्णाशी झालेलं बोलणं लिहून आणतात. पेपलाऊ या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ बाईंनी 1952 साली परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर लिहिलं, ते आम्ही शिकवतोच. पण मुली वहीत लिहायच्या, 'रुग्णाने दुःख व्यक्त केले.' आणि मीही वर्षानुवर्षं खाली बरोबरची खूण करत आले.

परवा एकीची वही परत केली. समासात लिहिलं, "म्हणजे ती नक्की काय म्हणाली?"

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं, "माझ्या हातची भाकरी आता घरात कुणी खात नाही."