दिन की दीन? ब्रेल डिस्प्लेवर मराठी वाचण्याचा माझा अनुभव

आमच्या कार्यालयाच्या एका निमंत्रणपत्रिकेत ‘प्रजासत्ताक दीन’ असे छापून आले. मजकूर मी टंकला होता आणि पाठवण्यापूर्वी दोनदा ऐकलाही होता. मी जन्मांध आहे आणि संगणकाचे सगळे काम स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या आवाजावर करते; परंतु मी आवाजाचा जो वेग ठेवते, त्या वेगात ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच ऐकू येतात. शाळेत ब्रेल पाटीवर लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्याकडून क्वचितच होत. त्यानंतरची वीस वर्षे नुसते ऐकण्यात गेली आणि शब्द लिहितात कसा, हे बोटे विसरून गेली. त्या पत्रिकेनंतर मी ब्रेल डिस्प्ले घ्यायचे ठरवले. ४० सेलचे (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराचे घर) नवे यंत्र लाखाच्या पुढे जाते, म्हणून वापरलेले घेतले.

कीबोर्डच्या पुढ्यात ठेवायची ही पट्टी आहे. प्रत्येक सेलमध्ये आठ बारीक खुंट्या असतात आणि वीज मिळताच किंचित वाकणाऱ्या पिझो पट्ट्या त्यांना वर ढकलतात. स्क्रीनवरचा मजकूर स्क्रीन रीडर ब्रेलमध्ये बदलून तिकडे पाठवतो. ४० घरे वाचून झाली की अंगठ्याजवळचे बटण दाबायचे, म्हणजे पुढची ४० येतात. वरचे सहा ठिपके अक्षरांचे: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. खालचे सातवा आणि आठवा कर्सर दाखवतात. हा कर्सर सुरुवातीला लुकलुकत असे आणि बोटाखालचे अक्षर मधेच बदलल्याचा भास होई. लुकलुकणे बंद करता येते, हे कळायला मला चार दिवस लागले.

पहिल्याच दिवशी मराठी बातमी उघडली, तर बोटांखाली ‘एक्स-०-९-१-५’ असले काहीतरी येऊ लागले. यंत्र बिघडलेले मिळाले, अशी माझी खात्रीच झाली. प्रत्यक्षात आउटपुट टेबल, म्हणजे कोणते अक्षर कोणत्या ठिपक्यांत दाखवायचे हे ठरवणारा तक्ता, इंग्रजी राहिले होते. त्या टेबलाला ‘क’ ठाऊक नसल्याने ते त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकाने अक्षराला दिलेला क्रमांक, लिहून देत होते आणि एकेका अक्षराला आठ-दहा सेल खात होते. टेबल मराठी केल्यावर १९५१ साली भारतीय भाषांसाठी स्वीकारलेली भारती ब्रेल, म्हणजेच शाळेत शिकलेली माझी अक्षरे, बोटांखाली आली. मग इंग्रजी पानांची पंचाईत झाली, कारण भारतीतला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ हे दोन्ही १-३ याच ठिपक्यांचे आहेत. शेवटी शब्दप्रक्रियेच्या प्रोग्रामसाठी मराठी टेबल असलेली वेगळी प्रोफाइल (सेटिंगचा संच) केली आणि ब्राउझरला इंग्रजी ठेवले.

मात्र ज्यासाठी हा खटाटोप केला, तेच सर्वांत जड गेले. भारती ब्रेलमध्ये ‘इ’ म्हणजे २-४ आणि ‘ई’ म्हणजे ३-५. दोघांचा आकार तोच, तिरप्या दोन ठिपक्यांचा, फक्त ‘ई’ एक ओळ खाली बसते. सुटे अक्षर चाचपले, तर वरची जोडी की खालची, हे माझ्या बोटाला सांगता येईना. शब्दात मात्र शेजाऱ्यांची मदत होते. ‘दिन’मधला ‘द’ १-४-५ आणि ‘न’ १-३-४-५ असल्यामुळे दोघांचेही वरचे ठिपके उठलेले असतात. त्यांच्यामध्ये ‘इ’चा चौथा ठिपका त्याच रेषेत लागतो, तर ‘दीन’मध्ये त्या जागी बोट खोलगट भागात उतरते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बोटात मुरवण्यासाठी मी रोज सकाळी ‘सुत-सूत’, ‘शिर-शीर’ अशा जोड्या आवाज बंद करून वाचत असे. (घरच्यांना खुंट्यांची तेवढी खरखर ऐकू येई.) दोन महिन्यांनी बोट आपणहून अडखळू लागले.

चूक सापडली की सेलवरचे बारीक बटण दाबायचे. कर्सर नेमका त्या अक्षरावर येतो. पूर्वी याच कामासाठी मी बाणाची कळ दाबत अक्षर अक्षर ऐकत जायची. त्रासही आहेतच. एखादी सूचना येते आणि वाचत असलेली ओळ पुसून चार सेकंद तीच पट्टीवर बसते. युनिकोडपूर्व फाँटमधली जुनी पत्रे बोटांखाली रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा होऊन येतात, आणि छायाचित्र म्हणून पाठवलेल्या परिपत्रकाचे तर काहीच येत नाही.

लांब अहवाल मी अजूनही ऐकतेच. छपाईला जाणारा मजकूर मात्र बोटांनी वाचते. एका पानाला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ मी आता साहेबांकडे आधीच मागून ठेवते.